छतापर्यंतचं नाक, सातशे मिलिमीटर पाणी

धाकट्या भावाने गेल्या वर्षी फोर्स कंपनीची गुरखा ही जीप घेतली. या गाडीला स्नॉर्केल कारखान्यातूनच लागून येतं: बॉनेटच्या कडेतून निघालेली, काचेच्या खांबाला धरून छतापर्यंत चढलेली जाड काळी नळी. इंजिनाने हवा खालून न ओढता वरून ओढावी, एवढंच तिचं काम. माझ्याकडे महिंद्राची थार आहे, २०२० नंतरची, डिझेल, नळीशिवायची. त्यामुळे भावाचा वर्षभर एकच लकडा चालू आहे. "ताई, तूपण बसवून घे. पावसात संगमेश्वरला जाणाऱ्याने स्नॉर्केलशिवाय फिरूच नये."

मी त्याचा सल्ला उडवून लावला नाही. ती नळी मला दिसायलाही आवडते, हे आधीच सांगते. एका गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींशी बोलले, खर्च विचारला, मडगार्डला भोक कुठे पडेल ते खडूने आखून घेतलं. मग घरी येऊन दोन्ही गाड्यांचे कंपन्यांनी दिलेले आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि तिथेच अडकले.

गुरखाने किती खोल पाण्यातून जावं? कंपनी सांगते ७०० मिलिमीटर. थारने? ६५०. फरक पाच सेंटीमीटरचा, म्हणजे तीन बोटं. आणि गुरखाच्या नळीचं तोंड जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास. मग मधल्या सव्वा मीटरचं काय? ज्यांनी ही गाडी बनवली, ज्यांनी स्वतः ती नळी बसवली, त्यांनाही ७०० च्या पुढे जा असं म्हणवत नाही. लँड रोव्हरची नवी डिफेंडर, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे हवेच्या दाबाने उंची वाढवता येणारी, ९०० मिलिमीटरपर्यंत जाते आणि तिला छतापर्यंतची नळी मुळात नसतेच. ती हवी असेल तर वेगळी घ्यावी लागते. म्हणजे पाण्यातली मर्यादा ठरवणारी गोष्ट नळी नाही. ती दुसरीच काहीतरी आहे. मला तिचा छडा लावायचा होता.

नळी ज्याच्यापासून वाचवते ते संकट मात्र खरं आहे आणि भयंकर आहे. गॅरेजमध्ये त्याला हायड्रोलॉक म्हणतात. थारचं डिझेल इंजिन २१८४ सीसीचं, चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडर साधारण ५४६ सीसी. कॉम्प्रेशन सोळास एक धरलं, म्हणजे आतली हवा सोळाव्या हिश्शात दाबली जाते असं मानलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते जेमतेम ३६ मिलिलिटर. मोठे अडीच चमचे. हवा तेवढ्यात दाबून बसते, पाणी बसत नाही. त्याहून जास्त पाणी आत आलं की पिस्टनला वर यायचं असतं आणि पाण्याला हलायचं नसतं. मग दोघांच्या मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड वाकलेलं इंजिन पूर्ण उघडावं लागतं, आणि साध्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते. बंद पडलेलं इंजिन पाण्यातच पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला असेल, तर विमावाल्यांच्या हाती आयतंच कारण मिळतं.

बहुतेक गाड्यांत हवा घेण्याचं तोंड बॉनेटखाली, हेडलाइटच्या मागे किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीशी असतं. पाण्यात चालत्या माणसाच्या वेगाने गाडी घातली की समोर एक लाट उभी राहते, आणि त्या लाटेमागे बॉनेटखालचं पाणी उलट थोडं खाली जातं. म्हणून जाणते लोक फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, लावतात, पहिला किंवा दुसरा गिअर धरतात आणि पलीकडे पोचेपर्यंत न थांबता, न बदलता, एका लयीत जातात. गाडी जोरात घातली तर लाट बॉनेटवर चढते. मध्येच थांबलं तर ती परत फिरून आत येते. नळी असेल तर या दोन्ही वेळी इंजिनाचा श्वास वाचतो. इथवर भावाचं म्हणणं बरोबर आहे.

पण पाण्यात बुडणाऱ्या गाडीत श्वास घेणारी गोष्ट फक्त इंजिन नसते. दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधले गिअरचे डबे), गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा) या सगळ्यांना बारीक ब्रीदर असतात, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर पडायची आणि थंड झाल्यावर परत आत यायची वाट. घाट चढून आलेलं डिफरन्शियल चांगलंच तापलेलं असतं. ते एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि जे समोर असेल ते ओढून घेते. समोर पाणी असतं. काही आठवड्यांनी तेल काढलं तर ते दुधाच्या चहाच्या रंगाचं निघतं, आणि तोवर बेअरिंग आणि दातांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या बिघाडाने गाडी बंद पडत नाही, आवाज करत नाही, रस्त्यात अडवत नाही, म्हणून याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्रीदरला साधी रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या मागच्या भिंतीपर्यंत वर नेली की काम होतं. खर्च स्नॉर्केलच्या मानाने किरकोळ. गाडीवर ती कुणाला दिसत नाही, आणि मला वाटतं ती मागे पडण्याचं कारण तेवढंच आहे.

याशिवाय अल्टरनेटर आहे, वायरिंगचे जोड आहेत, क्लचचं हाउसिंग आहे, रेडिएटरचा पंखा आहे. दारांच्या रबरी पट्ट्या आहेत. नळीने यातल्या कशाचीही उंची वाढत नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वाहतं पाणी.

आमचं आजोळ संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात. मुख्य रस्ता सोडल्यावर गावाआधी एक पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो. त्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा सपाट पूल, आहे, कठडा नसलेली, कडेला फक्त गुडघ्याएवढे दगड रोवलेले. बाराही महिने तिथे घोट्याएवढं पाणी, नाहीतर तेही नाही. जुलैत मात्र वरच्या डोंगरावर तासभर जोराची सर आली की पऱ्या लाल होऊन फरशीवरून धावायला लागतो आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत पुन्हा उतरतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे सगळेच ओढे असे: छोटं पाणलोट, तीव्र उतार, चढायला वेळ नाही, ओसरायलाही नाही.

मागच्या जुलैत आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन तिथे पोचलो तेव्हा पाणी फरशीवर आलेलं होतं. पलीकडच्या बाजूला मामा छत्री धरून उभा. भाऊ गाडीतून उतरला, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दीड फूट असेल. माझी सहज जाईल." मामाने पलीकडूनच हाताने थांब म्हणून खूण केली आणि फोन लावला. "बाय, त्याला सांग, कडेचे दगड बघ. खालच्या अंगाचे दिसतायत काय?" ते दिसत नव्हते. मग मामाने एक वाळकी फांदी वरच्या अंगाला टाकली. फरशीची रुंदी ती इतक्या झरकन ओलांडून गेली की भाऊ काही बोलला नाही. आम्ही गाड्या वर घेतल्या, डबे उघडले, जेवलो. दुपारनंतर दगड उघडे पडले आणि दोन्ही गाड्या घोट्याभर पाण्यातून गेल्या.

त्या फांदीचं गणित मी नंतर मांडलं. कोणालाही मांडता येईल असं आहे. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर, रुंदी १८२०. बंपरचे आणि चाकांचे कोपरे सोडले तर गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटर धरायला हरकत नाही. तळाच्या वर १५ सेंटीमीटर पाणी आलं की ०.९ घनमीटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे गाडीचं ९०० किलो वजन पाणी उचलून धरतं. दारातून पाणी आत झिरपेपर्यंत तरी. गाडी पावणेदोन टनांची. चाकांवर उरले ८५० किलो. शेवाळलेल्या फरशीवर ओलं रबर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आडवा जोर सोसेल, तोही नशीब चांगलं असेल तर: अडीच-तीनशे किलो. आता पाण्याचा रेटा. अर्धा मीटर खोल पाणी सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटरने, आडव्या उभ्या गाडीवर आदळत असेल, तर तो ढोबळ हिशेबाने ४०० किलोच्या आसपास जातो. ताशी सात किलोमीटर म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट.

यातलं सगळं पाणी कंपनीच्या ६५० मिलिमीटरच्या आतलं आहे. एअर फिल्टरला अजून थेंबही लागलेला नाही. इंजिन व्यवस्थित श्वास घेतंय, आणि गाडी फरशीवरून सरकून खालच्या डोहात चालली आहे. स्नॉर्केल असतं तर ती तशीच, चालू इंजिनासकट गेली असती.

म्हणून माझं मत असं झालं आहे की आपल्याकडच्या पाण्याचं दुखणं खोलीचं नाही, वेगाचं आहे. कंपन्यांचे आकडे साचलेल्या किंवा संथ पाण्याचे असतात आणि कोकणात किंवा मावळात जुलैमध्ये संथ पाणी भेटतंच कुठे? साचलेलं पाणी भेटतं ते शहरात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये अडकून गेली. त्यांना छतावरचं नाक नको होतं; उघडणारं दार किंवा फुटणारी काच हवी होती. त्या पावसानंतर आमच्या घरातल्या प्रत्येक गाडीत हाताशी काच फोडायची छोटी हातोडी असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या एका नातेवाइकांची गाडी दारातच उभी होती आणि उभ्या उभ्या छतापर्यंत बुडाली. तिला वाचवलं ते मिस्त्रींच्या एका वाक्याने, "चावीला हात लावू नका." त्यांनी बॅटरी सोडवली, इंजेक्टर काढले, इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधलं गाळाचं पाणी बाहेर काढलं, सगळी तेलं बदलली. रॉड सरळ राहिले.

तरीही स्नॉर्केल हे निव्वळ मिरवायचं साधन आहे, असं मी म्हणणार नाही. त्याचा खरा उपयोग मला पाण्यात नाही, धुळीत दिसला.

ऑस्ट्रेलियात या नळ्या घरोघर आहेत. तिकडे गिब रिव्हर रोडसारख्या शेकडो किलोमीटरच्या कच्च्या लाल रस्त्यांवर पुढच्या गाडीने उडवलेली धूळ मिनिटं मिनिटं हवेत तरंगत राहते. त्याच रस्त्यावर पेंटेकॉस्ट नदीतून गाडी घालून पलीकडे जावं लागतं, पण ते कोरड्या ऋतूत, पाणी उतरलेलं असताना. पावसाळ्यात तो रस्ताच बंद करतात. तिथल्याच काकडू राष्ट्रीय उद्यानातल्या केहिल्स क्रॉसिंगवर, भरती-ओहोटीच्या आणि मगरींच्या नदीत, चांगल्या तयारीच्या गाड्याही वाहून गेलेल्या आहेत. म्हणजे तिथल्या लोकांनाही वेगासमोर नळीचा उपयोग नाही. धुळीसमोर मात्र आहे, आणि रोज आहे.

आम्ही दोघं स्पितीला गेलो तेव्हा मला हे कळलं. ग्राम्फू ते बातल हा चंद्रा नदीच्या कडेचा रस्ता दगडगोट्यांचा आहे, आणि कोरड्या दिवशी तिथली बारीक पांढरी पूड टायरखालून उठते ती खाली बसतच नाही. तिचा दाट थर बंपरपासून बॉनेटपर्यंत असतो, छताच्या उंचीला ती पुष्कळ विरळ झालेली असते. काझाला पोचल्यावर दोघांचेही एअर फिल्टर काढले. माझ्या फिल्टरच्या घड्या भरून गेल्या होत्या. बोटाने टिचकी मारली की पूड पडत होती. भावाचा फक्त मळका. मी बराच वेळ त्याच्या मागे होते, तोही हिशेब धरायला हवा. पण परतीला जागा बदलल्या, तरी फरक राहिला. फिल्टर तुंबला की टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, हवेसाठी ताणावं लागतं, डिझेल जास्त लागतं, धूर काळा होतो. आणि फिल्टरची कडा नीट बसलेली नसेल तर ती बारीक पूड सिलिंडरच्या भिंती घासत राहते. वाळूच्या प्रदेशात फिरणारे नळीच्या तोंडावर सायक्लोन डोकं लावतात. त्यात हवा गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जातात आणि फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत. ही फार सुंदर युक्ती आहे. तिच्यात एकही हलता भाग नसला तरी ती काम करते.

तिथेच एकाने आम्हाला सांगितलं की कुंझुमसारख्या खिंडीत स्नॉर्केलमुळे ताकद वाढते. तसं होत नाही. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्केच दाट असते, आणि बॉनेटखाली काय नि छतावर काय, ती तेवढीच विरळ. ताशी ८० किलोमीटर वेगाने नळीच्या तोंडात शिरणाऱ्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. इंजिनाच्या उष्णतेपासून दूरची, थोडी गार हवा मिळते, एवढं खरं. हिमनदीच्या पाण्याच्या नाल्यांवर तर तिथेही मामाचीच रीत लागू पडली: उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर नाले फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडायचे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती गुंतागुंतीची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. भावाची नळी कारखान्यातून आलेली, म्हणून तो मोकळा. माझ्या गाडीचं मडगार्ड बाहेर कापून घेतलं, तर उद्या अपघातात किंवा विम्याच्या दाव्यात त्या भोकाचं उत्तर मलाच द्यावं लागेल. कोकणातल्या खाऱ्या हवेत कापलेल्या पत्र्याची कडा किती लवकर गंज धरते, ते वेगळंच.

भोक पाडून बसवलेल्या नळीबद्दल मिस्त्रींनी मला जे दाखवलं ते प्रत्येक स्नॉर्केलवाल्याला माहीत असावं असं वाटतं. नळी छतापर्यंत आहे म्हणून पाणी आत येत नाही, हा समज खोटा आहे. पाणी छतावरून येतच नाही. ते जोडांतून येतं. नळी जिथे मडगार्डमध्ये शिरते तिथून, एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणातून, डब्याच्या तळाशी पावसाचं पाणी निघून जायला ठेवलेल्या छोट्या रबरी तोंडातून. हे बंद केलेलं नसेल तर ती नळी नुसती शोभेची. परीक्षा अगदी सोपी आहे. इंजिन सुरू ठेवायचं आणि नळीचं तोंड तळव्याने, नाहीतर जाड रबराच्या तुकड्याने, पूर्ण झाकायचं. सगळे जोड बंद असतील तर इंजिन गुदमरून काही क्षणांत थांबतं. आरामात चालत राहिलं तर त्याला दुसरीकडून कुठून तरी हवा मिळतेय, आणि जिथून हवा मिळते तिथूनच पाणी येणार. फिल्टर बदलताना डब्याच्या क्लिपा उघडल्या जातात, म्हणून दर सर्व्हिसनंतर ही परीक्षा पुन्हा करायची. भावाला मी ती करायला लावली. त्याची गाडी लगेच थांबली.

मी माझं मडगार्ड कापलं नाही. चारही ब्रीदर वर नेले, विम्यात इंजिन संरक्षण जोडून घेतलं, फिल्टरच्या झाकणाचं रबर बदललं, आणि लांबच्या कोरड्या प्रवासाला एक जादा फिल्टर बरोबर ठेवते. पऱ्यावर पाणी असेल तर मामाला फोन करते.

एकच प्रवास असा आहे ज्यासाठी मी माझा निर्णय बदलेन. हिवाळ्यात कच्छ आणि जैसलमेरच्या बाजूला आठ-दहा गाड्यांच्या ताफ्याने महिनाभर फिरायचं आमच्या मनात आहे. ते जमलं तर मी आधी आरटीओत जाऊन या नळीला परवानगी मिळते का ते विचारेन आणि उत्तर लेखी घेईन. उत्तर होकारार्थी आलं तर सायक्लोन डोक्याची नळी, कापलेल्या कडेला गंजरोधक प्रायमरचे दोन हात, आणि तळव्याची परीक्षा माझ्यासमोर झाल्याशिवाय गॅरेजमधून गाडी हलवणार नाही. उत्तर नकारार्थी आलं तर चार फिल्टर जास्त घेईन आणि ताफ्यात पुढची जागा मागेन.